पांढरं लाकूड

या, असे जवळ सरका. दाराशी बसलेल्यांनीही पुढं यावं; वाऱ्याला पाठ देऊन गोष्ट ऐकू नये, अर्धी गोष्ट वाराच नेतो. नाम घेतलं की माणूस तरतो, हे आपण जन्मभर ऐकत आलो आणि टाळ कुटून म्हणतही आलो. आज मात्र नाव न घेतल्याची गोष्ट सांगतो. एका सुनेनं एक शब्द अकरा वर्षं गिळला, आणि एका कुत्रीनं त्या शब्दातली वस्तू गिळली. दोन्ही घशातच अडकलं. कसं, ते ऐका.

इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका किरगिझ गावात बुरुल नांदायला आली. नवरा जोल्दोश मेंढपाळ, स्वभावानं गरीब, भांडण दिसलं की घोड्यावर टांग टाकून निघून जाणारा. सासरा कधीच अल्लाघरी गेलेला. सासू होती, आणि सासऱ्याचे थोरले भाऊ होते. घराचे कर्ते तेच. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

किरगिझ घरात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. इथवर आपल्याला नवल नाही. आपल्या आज्याही उखाण्याशिवाय नाव घेत नव्हत्या. पण तिकडं नावासारखा दिसणारा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. शेजारच्या घरात एका सासऱ्याचं नाव लोखंडावरून होतं, तर त्याच्या सुना कढईला, कुऱ्हाडीला, खिळ्याला, सगळ्यालाच 'काळं' म्हणायच्या. 'अगं, ते काळं आण आणि काळ्यानं हे काळं ठोक.' त्यांचं त्यांना कळायचं.

बुरुलचं नशीब त्याहून वाकडं. आबांच्या आईची चार मुलं पाळण्यातच गेली होती. पाचवं झालं तेव्हा तिनं त्याचं नाव ठेवलं सोकबाय. सोक म्हणजे हाड. मरणानं घरात डोकावलं, तर त्याला वाटावं की इथं मांस कुठलं, नुसतं हाड पडलंय, कशाला वाकायचं? मरण फसलं. हाड ऐंशी वर्षांचं झालं. पण त्यामुळं त्या घरातल्या सुनांना तो शब्द बंद झाला तो झालाच. पहिल्याच आठवड्यात सासूनं बुरुलला पर्यायी शब्द शिकवला : पांढरं लाकूड. "रश्श्यातलं पांढरं लाकूड काढ म्हणायचं. मीही चाळीस वर्षं तेच म्हणते. जीभ घसरली तर घराण्याची अब्रू घसरते, सूनबाई."

आपण मराठी माणसं कुत्र्याला हाकलताना जो शब्द ओरडतो, तोच त्याच्यापुढं टाकायच्या वस्तूचाही. आपला घोळ हा, त्यांचा तो.

आता कुत्रीचं सांगतो. ताइगान जातीची, डोंगरातली शिकारी कुत्री. कमरेत मुठीएवढी, कानांवर रेशमासारखे केस, नाव जेबे, म्हणजे बाण. बुरुलच्या भावानं ती पिल्लू असताना दिली होती, आणि बुरुलनं कोटाच्या आत छातीशी धरून दोन खिंडींपलीकडून आणली होती. माहेरचं असं तिच्याजवळ तेवढंच होतं. सासरी जे कुणाशी बोलता येत नाही ते ती जेबेशी बोले. गेल्या हिवाळ्यात लांडगी गोठ्यात शिरली, तेव्हा जोल्दोश बंदूक घेऊन पोचेपर्यंत जेबेनं तिला भिंतीशी अडवून धरलं. खांद्यावर चार टाके पडले. तेव्हापासून सगळ्या गावाची ती लेक झाली. आणि लेकीचे लाड कसे करायचे, तर हाडं घालून!

वसंतात लस टोचायला शहरातून कुबात नावाचा जनावरांचा डॉक्टर आला होता. तरुण पोर, शहरात वाढलेला, चष्मा लावणारा. बुरुलनं जेबेपुढं उकडलेली बरगडी टाकलेली पाहून त्यानं ती उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत मोडली. काडकन आवाज झाला आणि टोकं सुईसारखी निघाली.

"ताई, हे बघा. कच्चं असतं तोवर ते लवतं, दातांखाली झिजतं. उकळलं की त्यातला ओलावा जातो, मग ते काचेसारखं तडकतं. घशात रुतेल, आतड्यात भोक पाडेल. कच्चंही द्यायचं तर तिच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं द्या, समोर बसून द्या, आणि चघळून लहान झालं की काढून घ्या. दुकानातल्या त्या कातड्याच्या कांड्या मिळतात ना, त्यांचंही तेच. तुकडा अख्खा गिळला तर आत फुगतो."

बुरुलनं हे मनात गाठ मारून ठेवलं. त्या दिवसापासून तिनं एकदाही उकडलेलं घातलं नाही. पण एकटीनं पाळून काय होतं? घर, शेजार आणि गाव मिळून घालतच होतं. आणि ती ज्याला त्याला सांगायला जाई ते काय, तर 'जेबेला पांढरं लाकूड देऊ नका!'

"कसलं लाकूड, वहिनी? पॉपलरचं की विलोचं?" दीर मंडळी हसायची. त्यांना काय म्हणायचंय ते पक्कं कळायचं. पण सुनेच्या तोंडून तो शब्द वदवून घेणं हा गावातला जुना खेळ. "कुत्रा लाकूड खातो होय? नीट नाव घेऊन सांगा, मग नाही देणार."

नीट नाव घेतलं तर अब्रू जाते, नाही घेतलं तर कुत्री जाते. बुरुल दात-ओठ खाऊन आत जायची आणि कणकेवर राग काढायची. त्या वर्षी तिच्या घरचे नूडल फार पातळ निघत, असं सगळे म्हणायचे.

शरदात आबांच्या ऐंशीचा मोठा समारंभ ठरला. तीन मेंढ्या कापल्या, भल्या पहाटेपासून कढया रटरटत होत्या. बिश्केकहून जोल्दोशचा चुलतभाऊ मक्सात मोटार भरून आला. त्यानं जेबेसाठीही भेट आणली होती, कातड्याच्या कांड्यांचं चकचकीत पाकीट. वर हसऱ्या कुत्र्याचं चित्र आणि बारीक वळणदार अक्षरं.

"शहरातले लोक आता हेच देतात," मक्सात ऐटीत म्हणाला.

आबांनी पाकीट डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं. "चष्मा कुठं गेला कोण जाणे. सूनबाई, तू शिकलेली. वाच बघू काय लिहिलंय."

पाकिटावर लिहिलं होतं, 'गोड हाड'. बुरुलनं एकदा अक्षरांकडं पाहिलं, एकदा आबांकडं. मग खाली मान घालून म्हणाली, "आबा, तुमचं नाव लिहिलंय. आणि तुम्ही गोड आहात असं लिहिलंय."

आबा असे खुलले की विचारू नका. "माझं? बिश्केकमध्ये? बघा रे, राजधानीत माझं नाव छापतात!" बाकीचे पोट धरून हसले. त्या हशात बुरुलनं पाकीट हळूच उचलून पिठाच्या डब्यामागं टाकलं. चला, एक संकट टळलं, असं तिला वाटलं.

टळतंय कुठलं! तिकडं मेजवानीत प्रत्येकाला मानाप्रमाणे मेंढीचा भाग मिळतो. थोरल्याला थोरला, धाकट्याला धाकटा. पानात आलेलं परत करायचं नसतं. आपल्या हातचं दुसऱ्याला द्यावं, हे मात्र प्रेमाचं लक्षण. आणि त्या दिवशी पन्नास पाहुण्यांना एकाच प्राण्याचं प्रेम दाटून आलं होतं.

बुरुलनं जेबेला गोठ्यामागं बांधलं. पाहुणे गोठ्यामागं गेले. तिनं तिला आत कोंडलं. कुणीतरी फटीतून आत सारलं. तिनं अंगणात बादली ठेवली आणि सांगितलं, "जे उरेल ते ह्यात टाका, मी नंतर पुरते." एका पाहुण्यानं ती बादलीच उचलून जेबेकडं नेली, वर बुरुललाच म्हणाला, "वहिनी, कुत्रीला उपाशी ठेवता होय? पाप लागेल." बुरुलनं बादली हिसकावली. हातात दहाबारा तुकडे घेऊन जेबेच्या जबड्याशी झटापट केली. कुत्री तिच्याकडं अशी पाहू लागली, जणू माहेरच्याच माणसानं ताट ओढून घेतलं.

"अगं, आदमबाबाच्या काळापासून कुत्री हेच खातात," सासू चहाच्या समोवाराकडून ओरडली. "तो पोरगा डॉक्टर आला कालपरवा!"

"आई, पूर्वीची कुत्री मरत होती ती लोक लांडग्याच्या आणि म्हातारपणाच्या नावावर घालत होते!"

"हळू बोल. पाहुणे आहेत."

जेवण आटपत आलं. पुरुष मंडळी घोड्यांच्या खेळासाठी नदीपलीकडच्या माळावर जायला उठली. जोल्दोश तर सर्वात आधी. तेवढ्यात आबांनी अंगणातल्या उंच बाकावर बसूनच जेबेला सोडायला लावून हाक मारली. हातात त्यांच्या मानाची तंगडी होती. नळीतला मगज काढायला वरून फोडलेली, मांस अर्धंअधिक तसंच.

बुरुल कणकेच्या हातांनी धावली. "आबा, नको! ते... ते नका देऊ तिला."

"काय नको?"

"ते पांढरं लाकूड."

आबा हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे सांगितलं पाहिजे. "पोरी, ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातचा घास आहे हा. लोक लांबून येतात तो मिळावा म्हणून, आपल्यालाही तेवढं आयुष्य लाभावं म्हणून. ह्या मुक्या जीवानं माझ्या मेंढरांसाठी रक्त सांडलं. तिला माझं वय देतोय मी. आडवी येऊ नकोस."

आता काय बोलणार? घास नाकारणं म्हणजे आशीर्वाद नाकारणं, तोही पाहुण्यांसमोर, तोही कर्त्या पुरुषाचा. बुरुलचे हात आपोआप खाली गेले. जेबेनं तंगडी तोंडात धरली, आणि दोनदा कडकड वाजलं. ते कडकडणं बुरुलनं आपल्याच दातांत ऐकलं.

पुरुष गेले. भांडी निघाली. दुपार कलली, आबांनी हात-पाय-तोंड धुऊन वजू केली आणि बाकावरच गालिचा अंथरून नमाजाला उभे राहिले.

बुरुल गोठ्यामागं गेली तर जेबे मान लांबवून, पाठीची कमान करून उभी. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. पोट आत ओढायची, घशातून 'खळ्ळ' असा आवाज काढायची, पडत काहीच नव्हतं. बुरुलला पाहून शेपूट हलवली आणि परत तेच.

बुरुल फोन घेऊन धावली. आता त्या अंगणाची गंमत अशी की मोबाइलला रेंज एकाच जागी यायची, आबांच्या बाकाशी. दोन पावलं इकडं आलं की आवाज तुटायचा. म्हणजे एका बाजूला आबा नमाजात गुडघ्यांवर, आणि हातभर अंतरावर बुरुल, कानाला फोन लावून. मागोमाग सासू आली. तिच्या मागं भांडी सोडून चार जावा आल्या.

"डॉक्टर, मी बुरुल. जेबे आजारी आहे. तिनं पांढरं लाकूड खाल्लं."

"काय खाल्लं?"

"लाकूड... मेंढीच्या जांघेतलं लाकूड."

"मेंढीच्या जांघेत लाकूड घुसलंय?"

"मेंढी नाही हो! मेंढी तर आम्ही खाल्ली!"

"मग आजारी कोण?"

"अगं, रश्श्यातला खांब म्हण," थोरली जाऊ फोनमध्ये तोंड घालून म्हणाली. तिच्या माहेरचा तो शब्द. "डॉक्टर, खांब! खांब गिळला कुत्रीनं!"

"कुत्र्याचं सोनं म्हणतात आमच्याकडं," दुसरी म्हणाली. "डॉक्टर, सोनं!"

"सोनं गिळलंय? किती?"

बुरुलनं फोन सासूच्या हातात कोंबला. "आई, तुम्ही सांगा. तुम्ही थोरल्या आहात."

सासूनं फोन हातात घेतला, गालिच्यावर वाकलेल्या आपल्या थोरल्या दिराकडं पाहिलं, आणि तिचे ओठ नुसते हलले. चाळीस वर्षांचं कुलूप ते! तिनं फोन गरम कढईसारखा परत दिला. अंगणात सहा बायका, सगळ्या त्या घराण्याच्या सुना, एकीलाही शब्द उच्चारायची सोय नाही. आणि सोय असलेला एकमेव पुरुष देवासमोर, ज्याला नमाजात हाक मारता येत नाही. बुरुलला आपलं डोकं त्या बाकावर आपटावंसं वाटलं.

"हॅलो? ताई, तुकड्यातुकड्यानं ऐकू येतंय. मेजवानी होती ना? मांस जास्त झालं असेल. थोडं तेल द्या, मोकळं होईल. उद्या..." आणि आवाज तुटला.

"बघ! तेल म्हणाला!" सासूला हायसं वाटलं. "तेलात पाव बुडवून देऊ, म्हणजे खाली ढकलेल. माझी आईही तेच करायची."

"आई, त्याला कळलंच नाही काय झालंय ते!"

"डॉक्टर तो आहे की तू? एरवी त्याचाच जप करत असतेस. आज त्यानं सांगितलं तर ऐकायचं नाही?"

हा टोला बरोबर बसला. आणि खरं सांगायचं तर तेलानं उतरेल अशी आशाही मनाच्या कोपऱ्यात होतीच. माणूस घाबरला की खोट्या आशेलाही खांदा देतो. तिनं स्वतः जेबेचा जबडा धरला. सासूनं तेलातला पाव आत सारला, वरून तेल ओतलं. जेबेनं गिळायचा प्रयत्न केला. अर्धं नाकातून बाहेर आलं, अर्धं भलत्याच वाटेनं गेलं, आणि ती अशी खोकली की चारी पाय पसरून बसली. डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं.

बुरुल उठली. हात तेलकट, केस सुटलेले. बाकाजवळ गेली, फोन लावला, आणि पलीकडून 'हॅलो' येताच ओरडली :

"हाड!"

आबांनी नुकताच डावीकडं सलाम करून नमाज संपवला होता. त्यांनी चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्या अंगणात कुणा सुनेनं त्यांना असं नुसत्या नावानं पुकारलं नव्हतं.

"हाड, डॉक्टर, हाड! उकडलेलं हाड! मेंढीच्या तंगडीचं फोडलेलं हाड! घशात अडकलंय! हाड!" एकदा बांध फुटल्यावर तिला थांबताच येईना. सासूनं, तिकडं अघटित ऐकलं की धरतात तशी, दोन्ही हातांनी स्वतःची गळपट्टी धरली.

"अरे देवा," फोनमधला आवाज आता स्वच्छ होता. "काही देऊ नका तिला. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आहे तशी उचला आणि आणा."

बुरुलनं फोन खाली केला.

"हाड कुणी दिलं तिला?" आबांनी विचारलं.

"तुम्ही," बुरुल म्हणाली. मग हेही म्हणाली, "तुम्ही दिलंत, आबा. आणि मी नको म्हणाले होते."

आबा उठले, टोपी घातली, गालिचा गुंडाळायचं सोडून तोच जेबेखाली सारला, आणि म्हातारा तिला दोन्ही हातांवर घेऊन जोल्दोशच्या जुनाट निवा मोटारीकडं चालू लागला.

जोल्दोशला फोन लागेना. बुरुलनंच मोटार काढली. शहर साठ मैलांवर. मागच्या आसनावर आबा, मांडीवर जेबेचं डोकं, बाही लाळेनं भिजलेली.

"माझे आजोबाही हेच घालायचे," थोड्या वेळानं आबा म्हणाले.

बुरुलनं गिअर टाकला.

"त्यांचे आजोबाही."

"आबा, त्यांची कुत्री किती जगली ते सांगता येईल तुम्हाला?" तिनं आरशात न पाहता विचारलं. "दोन हंगाम झाले, मी सांगतेय. घरात सांगितलं, गावात सांगितलं. सगळे म्हणाले, कसलं लाकूड. माझ्या जिवाला घोर, आणि लोकांना खेळ!"

एक गाव गेलं, दुसरं गेलं, डावीकडं सरोवर नुसतं चमकत होतं.

"माझी बायको," ते शेवटी म्हणाले, "पन्नास वर्षं 'अहो ऐका' म्हणाली. मरताना काहीतरी सांगायचं होतं तिला. मी पलीकडच्या खोलीत होतो, घरात इतर माणसं. 'अहो' म्हणाली तर कुणाला, ते कुणालाच कळलं नाही. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता." मग जेबेच्या कानावरून हात फिरवत म्हणाले, "जोरात चालव, पोरी."

कुबात डॉक्टर दारातच उभा होता. गुंगीचं औषध, लांब चिमटा, आणि पाव तासात त्यानं ते बाहेर काढलं. अंगठ्याएवढा तुकडा, दोन्ही टोकांना भाल्यासारखा. तो तुकडा वाटीत पडला तेव्हा टण्ण वाजला. बुरुलला हसू फुटलं, रडूही फुटलं.

पण डॉक्टर हसला नाही. तो जेबेच्या छातीला नळी लावून ऐकत राहिला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, परत डावीकडं.

"हिला तेल कुणी पाजलं?"

"तुम्हीच म्हणालात!"

"मी मांस समजून म्हणालो, ताई! मला काय ऐकू आलं, लाकूड, खांब, सोनं! घास अडकलेल्या जनावराला तेल कोण देईल? ते फुप्फुसात उतरलंय." त्यानं चष्मा काढून पुसला. "मीही परत फोन लावून विचारायला हवं होतं. उद्यावर ढकललं. पण पहिल्या फोनला तो एक शब्द म्हणाला असतात..." समोर बाईचं तोंड पाहून थांबला.

तीन दिवस सुया झाल्या, वाफ झाली. आबा शहरात नातेवाइकाकडं राहिले आणि रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी बुरुलच्या मांडीवर जेबेनं श्वास सोडला. घशाची जखम तोवर भरत आली होती. तिला हाडानं नेलं नाही, मंडळी. हाड तर निघालं होतं.

गावी परतल्यावर सासू बुरुलशी आठवडाभर बोलली नाही. रागानं की लाजेनं, ते तिचं तिलाच ठाऊक. मग एका सकाळी चहाची वाटी पुढं करत एवढंच म्हणाली, "पाव मी भरवला." बुरुल म्हणाली, "जबडा मी धरला." आणि दोघींनी चहा प्यायला.

आबांनी मात्र निराळंच काढलं. पुढच्या लग्नाला गेले ते काखेत पिठाचं रिकामं पोतं घेऊन. जेवण संपत आलं तसं पोतं उघडून बसले.

"सगळ्यांनी आपापली हाडं ह्यात टाका."

"आबा, कुत्र्यांना काय घालायचं मग?"

"ते माझ्या सुनेला विचारा. हाड हे माझं नाव. नाव माझं तर माल माझा. माझा माल माझ्या परवानगीशिवाय कुठल्या कुत्र्याच्या तोंडात गेला तर मी जेवणावरून उठेन."

ऐंशी वर्षांच्या माणसाला जेवणावरून कोण उठू देणार? लोक हसले, आणि निमूट पोत्यात टाकू लागले. दुसऱ्या समारंभात तेच. तिसऱ्यात यजमानांनी पोतं आधीच तयार ठेवलं. वर्षाच्या आत खोऱ्यातल्या पाचसहा गावांत 'सोकबायचं पोतं' ही रीतच पडली. कुत्र्यांना मेंढी कापतानाच वेगळी काढून शिजवलेली फुप्फुसं आणि काळजाचे तुकडे मिळू लागले. आणि माझ्या ऐकिवात तरी त्या खोऱ्यात पुन्हा कुणाचं कुत्रं तसं गेलं नाही.

बुरुलला बरं वाटलं का? वाटलं, आणि संतापही आला. कारण ती जे दोन हंगाम घसा फोडून सांगत होती, तेच हे होतं. तिनं सांगितलं तेव्हा ते लाकूड होतं. आबांनी सांगितलं तेव्हा हाड झालं. एकदा पलीकडच्या गावच्या लग्नात ती भांडी उचलत होती, तर एक अनोळखी ठेंगणीठुसकी बाई तिच्या हातातलं ताट थांबवून म्हणाली :

"अगं बाई, हे कुत्र्याला नेतेस की काय? उकडलेलं देऊ नये, तडकतं, घशात रुततं. सोकबाय आबांचा शोध आहे तो. केवढा ज्ञानी माणूस! तुमच्यासारख्या सुनांना काय ठाऊक असणार म्हणा."

बुरुलनं ताट खाली ठेवलं. सांगावंसं पुष्कळ वाटलं. पण पोतं तोवर पुढ्यात आलं होतं, बाईनं हातातलं त्यात टाकलं होतं, आणि अंगणातली कुत्री दूर उभी राहून जिवंत शेपट्या हलवत होती. ती फक्त म्हणाली, "बरोबर आहे, बाई. अजून चार जणींना सांगा."

तर मंडळी, गोष्ट संपली, एक मागणं तेवढं राहिलं. तुम्ही जेवून उठाल, हात जोडून देवाचे आभार मानाल, तेव्हा आबांचं नाव घेतलंत तर घ्या. मोठा माणूस, आपली चूक पोत्यात भरून उरलेला जन्म काखेत वागवणारा. पण त्यांच्या आधी बुरुलचं नाव घ्या. ते कुणीच घेत नाही.